हळदीचं बोट

"वाजले किती वो?"

खालच्या खाचरातून वर येणारा तो आवाज. पोटरीपर्यंत चिखलात रुतलेली, काष्टा मारलेली, लग्नाला दोन महिनेही न झालेली ठमा. बांधावरून खाकी कपड्यांतला महिपत शाळेतून घरी चाललेला. मागंपुढं सासू, सासरा, थोरली जाऊ, सगळी लावणीला वाकलेली. नव्या नवरीनं चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. पण जांभूळकोंडात मनगटी घड्याळ एकट्या महिपतच्या हातात होतं, आणि वेळ विचारायला कुणाची ना असणार? म्हणून ठमा विचारायची. महिपत मनगट डोळ्यांजवळ न्यायचा, गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ त्यात बघायचा आणि सांगायचा, "सवापाच." ती पुन्हा खाली वाकायची. सवापाचचं तिला काही करायचं नव्हतं. रोपांचा आवा हातात घ्यायचा आणि चिखलात खोचायचा, दिवस बुडेपर्यंत तेच. पण तेवढ्यात तिचं नवऱ्याशी बोलून झालेलं असायचं.

आज कुणी विचारलं नव्हतं. तरी अंगणातल्या फणसाखाली उभ्या राहिलेल्या महिपतनं सवयीनं मनगट वर केलं. अडीच.

"कितींदा बघशील रे बाबा त्यात," शेजारच्या पडवीतून ठकूबाई म्हणाली. पुढ्यात चिंचेचा ढीग, हातात कोयती. एकेक चिंच फोडून चिचोके बाजूला टाकत होती. महिपतच्या थोरल्या भावाची बायको ती. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलं पनवेलला. एका घराच्या दोन वाटण्या झाल्यावर मधली भिंत आली, पण पडवी एकच राहिली होती. "काटा काय पळून जातोय? पाचला यायचा तो फोन पाचलाच येनार."

"जातो मी वरच्या राबाला," महिपत म्हणाला. "कवळं पसरायची राह्यलीत."

"आत्ता? या उन्हात? भावोजी, साठी उलटून सहा वरसं झाली. कवळं उद्या नाय पसरता येत?"

"घरात बसवत नाय वयनी."

ठकूबाईनं कोयती थांबवली. तिला माहीत होतं का बसवत नाही ते. आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी परदेशातल्या लेकीचा, सारिकेचा फोन झाला तेव्हा ती इथंच बसली होती, आणि महिपत थोडा बहिरा झाल्यामुळे त्याचा फोन नेहमीच सगळ्या पडवीला ऐकू येत असे.

"पुढच्या सोमवारी सही मागतायत बाबा," सारिका म्हणाली होती. "अजून दोन वर्षांचा करार. करू?"

"बघू."

"बघू काय? मला पुढच्या रविवारी सांगा. नाहीतर मी करून टाकते." मग थोडा वेळ नुसती खरखर. "तिथं आता माझं कोण आहे, बाबा? तुम्ही आहात, पण तुम्ही कधी ये म्हणत नाही. आणि आई तर… आई माझ्यावर रुसूनच गेली ना?"

महिपतनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिकडं कुणीतरी म्हातारी तिला हाक मारायला लागली आणि "ठेवते, ठेवते" म्हणत सारिकेनं फोन ठेवला होता.

तेव्हापासून ते वाक्य घरात होतं. चुलीपुढे बसलं की समोर यायचं.

"सांगनार हायस का आज?" ठकूबाईनं विचारलं.

"सांगनार."

"सगळं?"

महिपतनं खिशातून फोन काढला. फणसाच्या बुंध्याला तारेनं बांधलेला एक पत्र्याचा डबा होता, वरून झाकण असलेला. साऱ्या घरात फोनला रेंज यायची ती त्या डब्याच्या उंचीवर, फणसाच्या पूर्वेच्या अंगाला, बस. त्यानं फोन डब्यात उभा करून ठेवला, कोयता कमरेला अडकवला आणि तो दगडी पायऱ्यांची पाखाडी चढू लागला.

"साडेचारला ये रे माघारी," ठकूबाई ओरडली. "मगनं धापा टाकत बोलशील!"

*

महिपत पोलादपूरच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं शिपाई होता. झाडलोट, पाणी, टपाल, साहेबांचा चहा ही कामं कुणीही केली असती. घंटा मात्र त्याची. व्हरांड्याला टांगलेला रुळाचा तुकडा आणि हातात लोखंडी हातोडी. सकाळी आकाशवाणीच्या ठोक्यावर तो मनगटातलं घड्याळ लावायचा आणि मग दिवसभर कुणाचं ऐकायचा नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. मुख्याध्यापकांनी खूण केली, महिपतनं ती पाहिली आणि चार मिनिटं तसाच हातोडी धरून उभा राहिला. नंतर बोलणी खाल्ली. पण पोरं घरी जाऊन ती गोष्ट सांगत राहिली.

घड्याळाबद्दल त्याची एकच समजूत होती. बंद पडलं तर चावी द्यावी, मागं पडलं तर लावावं. बरोबर चालणाऱ्या घड्याळाला हात लावू नये.

म्हणून सहा वर्षांपूर्वी सारिका युरोपातल्या माल्टाला, एका वृद्धाश्रमात कामाला गेली, आणि पहिल्याच ऑक्टोबरात तिचा रविवारचा फोन चारऐवजी पाचला आला, तेव्हा महिपतला ते पटेचना. तासभर दोघं नवराबायको फणसाखाली उभी होती. ठमाबाईचा चेहरा पांढरा पडला होता. फोन वाजला तशी तिनं आधी झाडाला टेका घेतला.

"अहो बाबा, इथं वर्षातून दोनदा घड्याळ हलवतात," सारिका हसत म्हणाली. "मार्चमध्ये एक तास पुढे, ऑक्टोबरमध्ये एक तास मागे. उन्हाळ्यात संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून. माझी जेवणाची सुट्टी इथल्या साडेबारालाच असते. तुमच्याकडे ते कधी चार, कधी पाच."

"सगळ्या देशाचं?" महिपतनं विचारलं.

"सगळ्या देशाचं. देश म्हणजे केवढा बाबा, आपल्या तालुक्याएवढा असेल. या टोकाहून बसमध्ये बसलं की तासा-दीडतासात त्या टोकाला समुद्र."

"तालुक्याएवढा देस आनि घड्याळाला हात लावतो!" ठकूबाई पडवीतून म्हणाली होती. "कोन जाब इचारत नाय त्यांना?"

महिपतही तेच म्हणत राहिला. उन्हाळ्यात आपली शाळा सकाळची व्हायची, तेव्हा घंटेची वेळ बदलायची. घड्याळाला कोण हलवत होतं?

दोन दिवसांनी ठमाबाईनं महाडच्या बाजारात जायचं काढलं. चवदार तळ्याच्या पलीकडच्या गल्लीत एका दुकानात शिरली आणि भिंतीवरचं एक गोल घड्याळ बोटानं दाखवलं.

"आता दोन वाजलेत, दोनला लावून देतो," दुकानदार म्हणाला.

"दोनला नको. माल्ट्याचं लावा."

"आजी, हे महाड आहे."

"मला म्हायतीय कुठं आले ती. म्हाडचं घड्याळ हाय आमच्याकडं."

महिपत दुकानाच्या पायरीवर लाजून उभा होता. ठमाबाईनं बोटांवर मोजून सांगितलं, साडेनऊला लावा. दुकानदारानं लावलं.

तेव्हापासून घरात दोन घड्याळं झाली. दारासमोर घरचं आणि जात्याच्या वरच्या भिंतीला सारिकेचं. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ठमाबाई स्टुलावर चढून सारिकेच्या घड्याळाचा काटा हलवायची. ध्यानात राहावं म्हणून नवं कॅलेंडर भिंतीला लागलं की पहिलं काम तिचं ते. हळदीत बोट बुडवायची आणि त्या दोन रविवारांवर टेकवायची. तिला अक्षर येत नव्हतं. वार मात्र रांगेनं मोजता यायचे.

आणि मग दिवसभर, हात कशातही असला तरी, तिची मान त्या घड्याळाकडे वळायची. आता उठली आसंल. आता म्हाताऱ्यांना आंघोळी घालीत आसंल. आता भरवीत आसंल एकेकीला. नाचणी दळताना जात्याच्या घरघरीत तिचं गाणं असायचं, ते कधी कुणाकडून शिकलेलं नव्हतं:

*उगवला नारायण, आधी माझ्या दारावर*
*लेकीच्या दारी जाया, त्याला होतो गं उशीर*

*जा रे जा नारायणा, नको रेंगाळू डोंगरी*
*लेक माझी खोळंबली, दूर देशी परघरी*

सारिकेला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं पाहिलेली आई वेगळी होती. महाडच्या दवाखान्यातली नोकरी सोडून मी परदेशी जाते म्हणाल्यावर आठ दिवस न बोललेली. निघण्याच्या दिवशी पोलादपूरच्या स्टँडवर तर सोडाच, सड्यावरच्या वळणापर्यंतही न आलेली. सारिका पाया पडायला वाकली तेव्हा ती जात्यावर बसली होती. "जा," म्हणाली, आणि मूठभर नाचणी जात्यात टाकली. मागं वळून पाहिलं नाही. नंतर फोनवर दर रविवारी तेच दोन शब्द. "जेवलीस? बरं हाय. बापाला देते."

महिपत तिला रागवायचा. "दोन गोष्टी जास्त बोललीस तर झिजशील काय?"

"गळा भरतो माझा," ठमाबाई म्हणायची. "तिकडं ती काम करील का माझं रडनं ऐकत बसंल? आनि त्या घड्याळाचं सांगाल तर बघा. माझी आन हाय."

सारिका सहा वर्षांत दोनदा आली. दोन्ही वेळेला ती यायच्या आधी ठमाबाईनं ते घड्याळ उतरवून तांदळाच्या कणगीत ठेवलं होतं.

*

वरच्या राबावर ऊन उभं होतं. तोडून ठेवलेल्या ऐनाच्या फांद्या वाळून कडकडीत झाल्या होत्या. महिपत त्यांचं एकेक कवळं, एकेक भारा उचलून जमिनीवर आडवं घालत होता. आठवड्यानं हे पेटवायचं, राख झाली की पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरायचं. दरवर्षी ठमाबाई पसरायची आणि तो ओढून आणायचा. आता एकाच माणसाला दोन्ही करायचं तर पाय लवकर भरून येत. तो वाक्य जुळवत होता.

सारिके, तुला एक सांगायचं राह्यलंय.

नाही. असं म्हटलं की ती घाबरेल.

सारिके, तुझी आई रुसली नव्हती.

मग ती विचारणार, कशावरून? आणि कशावरूनचं उत्तर द्यायचं तर ऑक्टोबरमधला तो रविवार सांगावा लागणार.

गेल्या पावसात ठमाबाईच्या छातीत पाणी झालं. महाडला महिनाभर जाणं-येणं झालं, मग डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. भातकापणी चालू होती. त्या रविवारी सकाळपासून ती शुद्धीवर होती, गेल्या चार दिवसांत नव्हती एवढी. पेज घेतली. दुपारी म्हणाली, "मला फणसाखाली न्या. आज बोलते मी तिच्याशी."

"रोज काय मुकी होतीस?"

"आज बोलते."

महिपत आणि ठकूबाईनं साडेतीनला बाज उचलून फणसाखाली आणली. उशाला गोधडी दिली. महिपतनं डब्यातला फोन काढून तिच्या हातात दिला आणि तो हात डब्याच्या उंचीवर धरून स्वतः उभा राहिला, रेंज जाऊ नये म्हणून.

चार वाजले.

"वाजले किती वो?"

"चार."

फोन वाजला नाही. सव्वाचार झाले. ती विचारायची, तो सांगायचा. त्याच्या हाताला मुंग्या आल्या तसा ठकूबाईनं हात धरला. "कामात आसंल गो," ती म्हणाली. सारिकेला इकडून फोन लावून उपयोग नव्हता. कामावर असताना तिचा फोन कपाटात बंद असायचा. साडेचार झाले. ठमाबाईच्या कपाळावर घाम आला होता, पण डोळे फोनवर.

"वाजले किती?"

"चार चाळीस."

मग तिनं विचारलं नाही. महिपत मनगट वर करून वाट बघत राहिला. चार त्रेचाळीसला ठकूबाईनं तिच्या नाकापुढे बोट धरलं.

पाचला फोन वाजला. अगदी पाचच्या ठोक्याला, तिच्या मुठीत.

महिपतनं तिची बोटं सोडवून तो घेतला. पलीकडे सारिका म्हणाली, "बाबा, आई कशी आहे?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सकाळीच गेली गो. झोपंत." त्यानं ते आधी ठरवलं नव्हतं. पण एकदा बोलल्यावर त्यालाच ते बरं वाटलं. सतरा मिनिटांनी चुकली हे पोरीनं आयुष्यभर कशाला वागवायचं?

"माझी आठवण काढली का?" तिनं रडता रडता विचारलं होतं.

"शुद्धच नव्हती," महिपत म्हणाला होता. ठकूबाई ऐकत होती. तिनं त्याच संध्याकाळी कोंडातल्या घराघराला बजावून ठेवलं, ती सकाळी गेली.

तासाचं काय झालं ते त्याला दिवसकार्य आटपल्यावर कळलं. घर सारवताना त्यानं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, तर ऑक्टोबरच्या पानावर, त्याच रविवारी, हळदीचं बोट उठलेलं होतं. जानेवारीतच तिनं टेकवून ठेवलेलं. महिनाभर तो रोज त्याच पानावर दवाखान्याच्या तारखा बघत होता. एकतीस वर्षं एक मिनिट न चुकलेल्या माणसाला ते दिसलं नव्हतं.

सारिकेच्या घड्याळाचा काटा मग हललाच नाही. स्टुलावर कोण चढणार? सारा हिवाळा ते एक तास पुढे धावत राहिलं आणि महिपत मनातल्या मनात त्यातून तास वजा करत राहिला. नवं कॅलेंडर आलं. त्याला हळदीचं बोट लावायचा धीर झाला नाही. पण या खेपेला चूक व्हायला नको म्हणून त्यानं परवा ट्रंकेतलं जुनं कॅलेंडर काढून मार्चचं पान उघडलं. बोट तीस तारखेवर होतं. तीस. म्हणजे उद्या. उद्या घड्याळ हलणार, आज पाचलाच फोन. त्यानं दोनदा बघून खात्री करून घेतली होती.

त्यानं आणखी एक फांदी ओढली. तेव्हा खालून हाक आली.

"भावोजीऽऽ!"

उन्हात आवाज पातळ होऊन येत होता. महिपत बांधाच्या कडेला आला. खाली कौलांशेजारी ठकूबाई फणसाखाली उभी राहून पदर हलवत होती. त्याला वाटलं, आग लागली की काय.

"फोनऽऽ! अरे सारिकेचा फोनऽऽ!"

त्यानं मनगट वर केलं. चार वाजून पाच.

तीस तारीख. गेल्या वर्षीची तीस तारीख रविवार होती. ठमाबाईला तारखा येत नव्हत्या. तिनं बोट रविवारावर टेकवलं होतं, शेवटच्या रविवारावर. यंदा तो रविवार आजच होता, एकोणतीसला, आणि महिपत नुसता आकडा वाचत बसला.

महिपत पळू लागला. पाखाडीचे दगड मध्येच निसटलेले, चपलेचा अंगठा तुटला तशी त्यानं चप्पल तिथंच टाकली. कोयता मांडीवर आपटत होता. कंबर, गुडघे, छाती, सगळी आपापल्या जागी दुखू लागली. एक वाजला की तिची सुट्टी संपणार. म्हणजे इकडचे साडेचार. एकतीस वर्षांचा हिशोबी मेंदू पळता पळता मिनिटं मोजत होता आणि पायांना ते मोजणं झेपत नव्हतं.

*

"ठेवू नको गो, ठेवू नको," फोन डब्याशी धरून ठकूबाई ओरडत होती. "येतोय तुझा बाप. पाय हायत का चाकं? म्हातारा झालाय तो. ह्या बघ, दिसला. फणसं? लागलीत की, हात पुरंल तिथं लागलीत. खायला कोन हाय? चिंच फोडते मी. तू जेवलीस का? काय? मकरोनी? ते काय आनि… हां, आला आला. घे रे."

महिपतनं फोन घेतला. त्याला बोलता येईना.

"बाबा? बाबा काय झालं? तुम्ही पळत आलात?"

"थांब," तो म्हणाला. "थांब जरा."

त्यानं झाडाला पाठ लावली. ठकूबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानं एक घोट घेतला आणि उरलेलं पाणी तोंडावर मारलं.

"आज लवकर आला तुझा फोन," तो म्हणाला.

"लवकर नाही, आज घड्याळ बदललं ना. तुम्हाला माहीत असतं दरवेळी, म्हणून मी सांगत नाही." ती थांबली. "बाबा, माझ्याकडे बाराच मिनिटं राहिलीत. काय करू सांगा. करू सही?"

ठकूबाई पडवीच्या पायरीवर जाऊन बसली, पण चिंचेला हात लावला नाही.

महिपतनं आठ दिवस जुळवलेलं एकही वाक्य त्याला सापडलं नाही. फणसाखालून उघड्या दारातून आतली जात्यावरची भिंत दिसत होती.

"तुझं एक घड्याळ हाय घरात," तो म्हणाला.

"माझं? कुठलं?"

"तुझ्या आईनं म्हाडवरनं आनलेलं. तू गेलीस त्याच वरसाला. तुझ्या तिकडची वेळ लावलेलं. जात्याच्या वर टांगलंय. तू यायचीस तवा ती कनगीत दडवायची."

महिपतनं तांब्या खाली ठेवला.

"दरवेळी मला म्हायती आसायचं म्हनतेस ना? मला कदी नव्हतं. तीच हलवायची काटा. स्टुलावर चढून. मला म्हनायची, आता सारिका उठली, आता सारिका जेवली. दिसभर. तुला सांगायचं नाय अशी आन घातलेली."

"बाबा…" ती म्हणाली, "आत्ता किती वाजलेत त्यात?"

महिपतनं डोळे बारीक करून दारातून पाहिलं. ऑक्टोबरपासून कुणी हात न लावलेलं ते घड्याळ. सारा हिवाळा तासभर पुढे, चुकीचं चाललेलं. त्याला क्षणभर आपले डोळेच फसवतात असं वाटलं. त्यानं मनगट वर केलं, मोजलं, पुन्हा आत पाहिलं.

"एकाला दहा कमी."

मग सारिका म्हणाली, "इथंही." आणि रडू लागली. तिच्या मागे भांड्यांचा, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता.

"मग ती माझ्याशी बोलायची का नाही, बाबा? शेवटी तरी? शुद्ध नव्हती म्हणालात. थोडी तरी…"

ठकूबाईनं पायरीवरून मान वर केली. "सांग रे आता," ती हळू म्हणाली. "मी बी थकले ते पोटात ठेवून."

"सारिके, नीट ऐक," महिपत म्हणाला. "तू सही कर नायतर नको करू, ते तुझ्यावर हाय. माझं इचारशील तर मला एकट्याला आता ही पाखाडी चढवत नाय. पन आई रुसून गेली, असं मनात धरून सही करू नको. ती सकाळी नाय गेली."

"काय?"

"सकाळी नाय गेली. झोपंत नाय. मी खोटं बोललो. दुपारी बोलली माझ्याशी, आज बोलते तिच्याशी म्हनाली. हितंच, फनसाखाली बाज घातलेली. फोन तिच्या हातात दिलेला. चार वाजल्यापासनं तुझीच वाट बघत होती. वाजले किती, वाजले किती करत होती. पावनेपाचला गेली."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मी… बाबा, त्या दिवशी मी पाचला…"

"नाय, थांब. ते नको बोलू. त्याच दिवशी घड्याळ मागं गेलेलं तिकडचं. तिनं हळद लावून ठेवलेली कॅलेंडरला, आनि मी बघितली नाय. ती खाटेवर होती, घरात शुद्धीतला मी होतो. चूक माझी हाय, सारिके. तू येळेवर केला होतास फोन. अगदी येळेवर केला होतास."